कंटाळा मुलाचा, घाई आपली

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही डोंबिवलीत सातव्या मजल्यावर राहतो. मुलगा आठ वर्षांचा, नुकतीच तिसरीची परीक्षा झाली. मी घरूनच काम करते, सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत लॅपटॉपसमोर. मिस्टर लोकलने मुंबईला जातात, त्यांना घरी यायला नऊ वाजतात. घरात सासूबाई असतात. एप्रिलच्या शेवटी एक शिबिर होतं, तोवर बरं चाललं होतं. आता मात्र दिवसभर एकच भुणभुण, ‘आई, बोअर होतंय, काय करू?’ चित्र काढ म्हटलं की नको, पुस्तक वाच म्हटलं की नको, कॅरम काढ म्हटलं की ‘कोणाशी खेळू?’ शेवटी मीटिंग सुरू होते म्हणून मी मोबाइल हातात देते आणि रात्री माझाच मला राग येतो. कपाटभर खेळणी पडून आहेत. सासूबाई म्हणतात, ‘आमच्या मुलांना कधी कंटाळा आला नाही, तुम्हीच लाडावून ठेवलंय.’ दुसरं शिबिर लावू का? आणि कंटाळा म्हणजे काय, तो आला तर काय करायचं, हे एवढ्याशा मुलाला समजवायचं तरी कसं?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : तुमचा मुलगा लाडावलेला नाही आणि तुम्ही कुठे कमीही पडलेल्या नाही. मे महिन्याची दुपार, बंद दार, बरोबरीचं कोणी नाही, शाळेची घंटा नाही. अशा वेळी आठ वर्षांच्या मुलाला कंटाळा येणारच. त्यामुळे तो घालवायचा कसा, हा प्रश्न जरा बाजूला ठेवू आणि मुलाला होतंय काय, ते आधी पाहू.

कंटाळलेलं मूल आळशी नसतं. आळसात माणूस लोळत पडतो आणि त्यात सुखी असतो. कंटाळलेल्या मुलाचं तसं नसतं. त्याला काहीतरी करायचं असतं, अगदी मनापासून करायचं असतं, पण मन कशातच बसत नाही. कॅनडातल्या यॉर्क विद्यापीठातले जॉन ईस्टवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली कंटाळ्याची जी व्याख्या मांडली, ती साधारण हीच आहे : समाधान देईल अशा कामात गुंतायची इच्छा आहे, पण गुंतता येत नाही. म्हणून तर भरलेलं कपाट समोर असूनही मूल रडकुंडीला येतं. खेळणी कमी पडलेली नसतात. लक्ष टेकायला जागा सापडत नसते.

ही अवस्था मोठ्यांनाही सहन होत नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातले टिमथी विल्सन यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. माणसांना एका खोलीत पंधरा मिनिटं नुसतं बसवलं. फोन नाही, पुस्तक नाही, सोबतीला फक्त स्वतःचे विचार. समोर एक बटण, ते दाबलं की विजेचा हलका झटका बसणार. हा झटका नको म्हणून आपण पैसेसुद्धा देऊ, असं याच माणसांनी आधी सांगितलेलं होतं. तरीही १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी त्या पंधरा मिनिटांत स्वतःच स्वतःला झटका देऊन पाहिला. शिकल्यासवरल्या मोठ्या माणसांची ही गत, तर तुमचा लेक दर दहा मिनिटांनी तुमच्या खुर्चीला येऊन लोंबकळतो, यात त्याची काय चूक?

आता तुमच्या घरातली दुपार बघू. तीन वाजलेत. तुम्ही कॉलवर आहात. तो दारात येतो, एका पायावर उभा राहतो, पडद्याशी चाळा करतो, मग खुर्चीमागे येऊन कुजबुजतो, ‘आईऽऽ’. तुम्ही हाताने थांब म्हणता. तो थांबत नाही. माइक बंद करून तुम्ही तीन गोष्टी सुचवता, तो तिन्ही नाकारतो. कॉलवर तुमचं नाव पुकारलं जातं आणि मोबाइल त्याच्या हातात जातो. तुमच्या जागी मी असते तरी त्या क्षणी दुसरं काही सुचलं नसतं, म्हणून त्याचा अपराधीपणा बाळगू नका. पण रोज हेच घडलं की मुलाच्या मनात दोन गोष्टी पक्क्या होतात. एक, मनाची ही तगमग सोसण्यासारखी नाही, ती ताबडतोब थांबलीच पाहिजे. दोन, ती थांबवणं हे आईचं काम आहे. या दोन समजुती मोडायच्या आहेत, बाकी कशालाही हात लावायची गरज नाही.

मोबाइलबद्दल इथेच सांगून टाकते. त्यावरचे छोटे व्हिडिओ दर काही सेकंदांनी नवं काहीतरी पुढे करतात, मुलाला स्वतःहून लक्ष लावावंच लागत नाही. तासाभराने फोन काढून घेतला की शेजारी पडलेलं चित्राचं पुस्तक त्याला फार संथ वाटतं आणि कंटाळा आधीपेक्षा वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी तर उत्तमच, असं सांगितलंय. तुमचा मुलगा त्याहून मोठा आहे, त्याला थोडा जास्त वेळ मिळाला तर बिघडत नाही. माझा आग्रह मिनिटांपेक्षा वेळेबद्दल आहे. फोन किंवा टीव्ही संध्याकाळी ठरलेल्या वेळी, ठरलेला वेळ. ‘कंटाळा आला’ म्हटल्यावर कधीच नाही. तुमची महत्त्वाची मीटिंग तीनला असेल तर सरळ तीनचीच वेळ ठरवा आणि सकाळीच त्याला सांगा. मग तो फोन भुणभुणीचं बक्षीस ठरत नाही.

समजावण्याकडे येते, कारण तुमचा खरा प्रश्न तो आहे. कंटाळा आलेला असतानाच त्याच्यावर प्रवचन करू नका, डोक्यात काही शिरणार नाही. रात्री अंथरुणात पडल्यावर, दिवा मालवल्यावर विषय काढा. ‘आज दुपारी तुला कंटाळा आला होता ना, तेव्हा आत कसं वाटत होतं?’ एवढं विचारा आणि गप्प बसा. मुलं फार सुंदर सांगतात. कोणी म्हणतं पाय वळवळतात, कोणी म्हणतं डोकं रिकामं होतं, कोणी म्हणतं रडू येतं पण कशाचं ते कळत नाही. मग तुमचं सांगा. ‘मला पण येतो कंटाळा. लांबलचक मीटिंगमध्ये येतो, पोळ्या लाटताना येतो. वाईट नसतो तो. मन सांगतं, आता वेगळं काहीतरी हवंय. काय हवंय ते मात्र मनाला लगेच सांगता येत नाही, थोडं थांबून शोधावं लागतं.’ आठ वर्षांच्या मुलाला याहून जास्त तत्त्वज्ञान लागत नाही.

त्यानंतर त्याला शोधायला शिकवा. मुलं एका ‘बोअर होतंय’मध्ये पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी कोंबतात. भूक लागलेली असते. झोप आलेली असते, सुट्टीत रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्या मुलांचं दुपारचं रडगाणं तर बरेचदा झोपेचंच असतं. सकाळपासून अंग हललेलं नसतं. हातातलं काम फार अवघड असतं, किंवा फार सोपं. आणि पुष्कळदा, तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्याकडे नक्कीच, त्याला एकटं वाटत असतं. ‘कॅरम कोणाशी खेळू?’ या त्याच्या प्रश्नात त्याने तुम्हाला उत्तर दिलेलं आहे. त्याला कॅरम नकोय असं तो म्हणतच नाहीये. या सगळ्याची एक यादी त्याच्याकडूनच मोठ्या अक्षरांत लिहून घ्या, शेजारी चित्रं काढू द्या आणि फ्रिजवर लावा. कंटाळा आला की त्याने आधी तिथे जाऊन बघायचं, आज यातलं कोणतं? पोट, झोप, पाय, अवघड, सोपं, एकटा. त्याने ‘एकटा’वर बोट ठेवलं, तर चित्रकलेची वही पुढे करून उपयोग नाही, हे तुम्हालाही कळेल.

आणि तो प्रत्यक्ष दारात येऊन उभा राहील तेव्हा? सुचवणं बंद करा. तुम्ही जितकं सुचवाल तितकं तो नाकारेल, कारण आता नाकारणं हाच त्याचा खेळ झालाय आणि त्यात निदान आई मिळते. त्याला जवळ घ्या, पाठीवरून हात फिरवा आणि म्हणा, ‘कंटाळा आलाय ना? येतो असा. मला चारला दहा मिनिटं सुट्टी आहे, तेव्हा मी येते. तोवर काय करायचं ते तू शोध.’ आवाजात राग नको, टोमणा नको. ‘एवढी खेळणी आहेत आणि तरी...’ हे वाक्य तर अजिबात नको. चारला मात्र उठाच. दहा मिनिटं म्हणजे पूर्ण दहा मिनिटं, फोन बाजूला ठेवून, जमिनीवर बसून. मुलाला वाट बघता येते, फक्त वाट बघितल्यावर आई खरंच येते असा अनुभव असावा लागतो.

पहिले काही दिवस त्रासाचे जातील हे मनाशी धरून चाला. तो रडेल, दारं आपटेल, मुद्दाम मीटिंगमध्ये येईल. तुम्ही हरलात असा त्याचा अर्थ नाही. इतके दिवस दुसऱ्याने उचललेलं ओझं आता त्याच्या खांद्यावर येतंय, थोडी कुरकुर होणारच.

पण नुसतं ‘तू शोध’ म्हणून भागत नाही. शोधायला घरात काही असावं लागतं आणि पसारा करायची मुभा असावी लागते. इथे मला दिवाळीतल्या किल्ल्याबद्दल बोलायचंय. तुमच्या सोसायटीतही मुलं करत असतील. दिवाळीच्या सुट्टीत किल्ला करणाऱ्या पोरांपैकी कोणी ‘बोअर होतंय’ म्हणत आईकडे आलेलं पाहिलंय का तुम्ही? सकाळी न सांगता उठतात. दगड, विटा, फुटकी कौलं रचतात, वर पोतं टाकतात, चिखलाचा लेप देतात. बुरूज ढासळतो, पुन्हा लिंपतात. हळीव नाहीतर मोहरी पेरतात आणि उगवलं का म्हणून दिवसातून दहादा वाकून बघतात. महाराजांची जागा कोणती, दरवाजा कुठे, मावळे किती, यावर भांडतात. जेवायला ओढून न्यावं लागतं.

असं काय असतं त्या चिखलात? काम त्यांनी स्वतः निवडलेलं असतं. ते एका दिवसात संपत नाही. थोडं अवघड असतं, चुकतं आणि चुकलेलं दुरुस्त करता येतं. हात-कपडे मळले तरी त्या दिवसांत कोणी ओरडत नाही. बरोबर एक-दोन दादा-ताई असतात, त्यांच्याकडे बघून धाकटे शिकतात. आणि मोठ्या माणसांचं काम माती आणून देण्यापुरतं असतं. शिबिराच्या वेळापत्रकात हे सगळं क्वचितच एकत्र सापडतं. तिथे पंचेचाळीस मिनिटांनी रंग आवरायचे असतात, कारण पुढच्या वर्गाला टेबल हवं असतं.

मग मेमध्ये किल्ला का नको? एक घमेलं माती, बाल्कनीचा कोपरा, खाली जुनं प्लास्टिक. किल्ला नको असेल तर त्याला जे हवं ते, गाव, धरण, रेल्वे स्टेशन. डोंबिवलीच्या मुलाला फलाटांचं गणित तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं. कपाटातली अर्धी खेळणी माळ्यावर टाका. त्याऐवजी एका खोक्यात सुतळी, पुठ्ठे, कपड्यांचे चिमटे, जुनी चादर, विजेरी, चिकटपट्टी, बाटल्यांची झाकणं, चिंचोके, बोथट टोकाची कात्री एवढं ठेवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा पानं, बिया, शिंपले, खडे हीच त्यांची शैक्षणिक साधनं होती. महागड्या वस्तूंविना मुलं तासन्‌तास गुंततात, हे आपल्याच मातीत त्यांनी करून दाखवलंय. ज्या वस्तूचं काय करायचं हे वस्तूच सांगते, ती दोन दिवसांत जुनी होते. सुतळीचं काय करायचं ते सुतळी सांगत नाही.

सासूबाईंचं वाक्य तुम्हाला लागलंय, ते साहजिक आहे. पण त्यांच्या बोलण्यातला खरा भाग बाजूला काढून घेऊ. त्यांच्या मुलांनाही कंटाळा येत असणार, फक्त तो आईपर्यंत पोचत नसेल. चाळीत नाहीतर वाड्यात दार उघडलं की चार पोरं समोर असायची. डबा ऐसपैस, लगोरी, पत्ते, आणि भांडण झालं तर तेही आपापसात. एकटं मूल ही तेव्हा फार थोड्या घरांची गोष्ट होती. म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना कामाला लावा, आणि हे मी आदराने म्हणतेय. मे महिना वाळवणाचा. साबुदाण्याच्या पापड्या घालायच्या असतील तर पळीने प्लास्टिकवर गोल घालणं आठ वर्षांच्या हाताला नक्की जमतं. पहिल्या पापड्या वेड्यावाकड्या होतील, त्यांचेही आकार बघून आजी-नातू हसतील. दुसऱ्या दिवशी त्या उलटायच्या, गच्चीवर कावळे-कबुतरं हाकलायची, संध्याकाळी डब्यात भरताना दोन-चार तोंडात टाकायच्या. हे खरं काम आहे, घराला लागणारं. ‘हे मी केलंय’ असं पाहुण्यांना सांगता येण्याजोगं. मुलांना गुंतवायला बनवलेल्या उद्योगापेक्षा खऱ्या कामाची गोडी त्यांना लवकर कळते. पत्त्यांत सात-आठ शिकवायलाही आजीइतकं चांगलं कोणी नाही, दोघांतच खेळता येतो.

तरी आजी म्हणजे बरोबरीचं मूल नव्हे. सोसायटीत त्याच्या आगेमागे वयाची दोन-तीन मुलं असणारच. त्यांच्या आयांशी बोला, आळीपाळीने एकेका घरात दुपारचे दोन तास ठरवा. ऊन उतरलं की सगळे खाली. खेळ तुम्ही ठरवून देऊ नका, भांडणं लगेच सोडवायला धावू नका. रविवारी वडिलांनी त्याला बरोबर घेऊन बाजारहाट करावी, सायकलचं पंक्चर काढायला न्यावं, एवढं पुरे. नऊ वाजता दमून आलेल्या माणसाकडून रोज आणखी काही मागणं मला योग्य वाटत नाही. जेवताना तिघाचौघांचे फोन दुसऱ्या खोलीत राहिले, तर मात्र फार मोठं काम होईल.

काही वेळा कंटाळ्याच्या आड दुसरं काही असतं, ते तपासून घ्या. पूर्वी जे जीव टाकून करायचा तेही नकोसं झालंय, मित्र खाली बोलवायला आले तरी जात नाही, झोप किंवा भूक बदललीय, चिडचिड आठवडे उलटले तरी उतरत नाही, असं दिसलं तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांशी बोला, ते पुढे समुपदेशकाकडे पाठवतील. आणि चौथी सुरू झाल्यावर तो ‘शाळेत बोअर होतं’ असं रोज म्हणू लागला, तर वर्गशिक्षिकेला भेटा. फळ्यावरचं नीट दिसत नाही, वाचताना अक्षरं जुळत नाहीत, लिहिताना हात दुखतो, हे मुलाला सांगता येत नाही, तो ‘कंटाळा येतो’ म्हणतो. डोळे, कान तपासा, आणि गरज वाटली तर वाचन-लेखनातल्या अडचणींची तपासणीही करून घ्या. हुशार मुलाला आधीच येत असलेलं पुन्हा शिकवलं जात असेल, तरी तक्रार हीच येते. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही, तरी लक्ष असू द्या.

राहिला दुसऱ्या शिबिराचा प्रश्न. त्याला विचारा, आणि विचारताना ‘घरी बोअर होण्यापेक्षा बरं’ अशी पुस्ती जोडू नका. पोहायला शिकायचंय, तबला शिकायचाय असं तो स्वतः म्हणाला, तर जरूर घाला, दिवसाचा एखादा तास. पण फक्त दिवस भरावा म्हणून सकाळ-संध्याकाळ दोन शिबिरं लावू नका. जूनच्या मध्यावर शाळा उघडेल. त्याआधीचे आठ-दहा दिवस तरी पूर्ण मोकळे ठेवा. बाल्कनीतली माती त्या दिवसांत आवरायला सांगू नका.